मेलेल्यांचा पंचनामा

उत्तर सर्बियातल्या किसिल्येवो गावात १७२५ साली पेटार ब्लागोयेविच नावाचा एक शेतकरी वारला. त्याला पुरून दहा आठवडे उलटले आणि गावात माणसं पटापट मरू लागली. आठ दिवसांत नऊ गेली. दुखणं म्हणावं तर एका दिवसाचं. अंथरुणाला खिळलेल्यांनी जाता जाता सांगितलं, की रात्री पेटार येतो, अंगावर पडतो आणि गळा आवळतो. पेटारच्या बायकोची तक्रार मात्र निराळी होती. तो तिच्याकडे येऊन आपले जोडे मागत होता. ओपान्की, म्हणजे तिकडच्या कातडी वहाणा. बाई गाव सोडून निघून गेली.

तो मुलूख १७१८च्या तहानंतर तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला होता. गावकरी जिल्ह्याच्या अंमलदाराकडे गेले आणि थडगं उघडायची परवानगी मागू लागले. फ्रोमबाल्ड हे त्याचं नाव. तो म्हणाला, आधी बेलग्रेडला लिहून विचारतो. गावकऱ्यांनी ऐकवलं, उत्तर येईस्तोवर गाव उरायचं नाही. शेवटी पाद्र्याला बरोबर घेऊन तो थडग्यापाशी गेला. प्रेताला दुर्गंधी नव्हती, नाक तेवढं बसलं होतं. केस, दाढी, नखं वाढल्यासारखी दिसत होती. जुनी कातडी सुटून खाली नवी आल्यासारखी वाटत होती. तोंडात ताजं रक्त होतं. लोकांनी छातीत टोकदार खुंट ठोकला, कानातोंडातून रक्त वाहिलं, मग प्रेताची जाळून राख केली. हे सगळं वरिष्ठांना कळवून फ्रोमबाल्डने शेवटी लिहिलं, की यात काही चुकलं असेल तर दोष माझा धरू नये, भीतीने भान सुटलेल्या जमावाचा धरावा. कोणत्याही काळातल्या सरकारी कचेरीत खपून जाईल असा हा समारोप. २१ जुलै १७२५ रोजी तो अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि ‘व्हँपायर’ हा सर्बियन शब्द युरोपभर फिरायला निघाला.

आज व्हँपायर म्हटलं की काळा झगा, सुळे, वटवाघूळ आणि डोंगरावरचा किल्ला डोळ्यांपुढे येतो. यातलं काहीही पेटारपाशी नव्हतं. तो कफनात गुंडाळलेला, तोंड रक्ताने माखलेला एक शेतकरी होता. फिरायचा तो आपल्याच गावात, बसायचा तो ओळखीच्यांच्याच उरावर. तीनशे वर्षांत या समजुतीवर धर्मशास्त्री, डॉक्टर, लोकसाहित्याचे अभ्यासक आणि पुरातत्त्वज्ञ यांनी ढीगभर लिहिलं. ते सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचलं, की एक गोष्ट पक्की होते. गावकऱ्यांनी जे पाहिलं ते बहुतेक खरं होतं. गफलत झाली ती अर्थ लावताना.

पाच सह्या

या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा कागद १७३२चा आहे. मोरावा नदीकाठच्या मेद्वेजा गावात तीन महिन्यांत १७ माणसं मेली. लष्कराने योहान्नेस फ्ल्युकिंगर या शल्यवैद्याला चौकशीला पाठवलं. ७ जानेवारी १७३२ रोजी त्याने गावची थडगी उघडून एकेक प्रेत तपासलं आणि जे दिसलं ते लिहून काढलं. त्या अहवालाचं लॅटिन नाव ‘व्हिसुम एट रेपेर्टुम’, म्हणजे पाहिलेलं आणि आढळलेलं. आपल्या भाषेत याला पंचनामाच म्हणतात, आणि योगायोग असा की खाली सह्यादेखील पाचच आहेत. तीन शल्यवैद्यांच्या आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या.

गावकऱ्यांच्या मते या सगळ्याचं मूळ आर्नोल्ड पाओले नावाच्या शिपायात होतं. काही वर्षांपूर्वी तो गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. जिवंतपणी तो सांगायचा, की कोसोव्होत असताना एका व्हँपायरने आपल्याला छळलं आणि सुटका व्हावी म्हणून आपण त्याच्या थडग्याची माती खाल्ली, त्याचं रक्त अंगाला फासलं. पाओले मेल्यावर महिन्याभरात तो चार जणांना भोवला म्हणून चाळिसाव्या दिवशी त्याला उकरून खुंट ठोकला. खुंट बसताच तो कण्हला, असं साक्षीदारांनी सांगितलं. मग पुन्हा इतक्या वर्षांनी माणसं का मरावीत? गावाकडे उत्तर तयार होतं. पाओलेने गुरांचंही रक्त प्यालं होतं आणि त्या गुरांचं मांस खाल्लेल्यांना आता ते बाधलं होतं.

हा युक्तिवाद नीट पाहावा. पहिला रोगी बाहेरून लागण घेऊन आला, काही काळ बरा दिसला, मेल्यावर त्याच्यापासून इतरांना झालं, दूषित मांसातून पुन्हा पसरलं. जंतू हा शब्द नसलेल्या माणसांनी रचलेली ही साथीची साखळी आहे. तिचा आराखडा आजच्या साथरोगतज्ज्ञालाही ओळखीचा वाटेल. कडी चुकली ती एकच, रोगाच्या जागी त्यांनी मेलेला शेजारी बसवला.

फ्ल्युकिंगरच्या नोंदींतली एक बाई मला विसरता येत नाही. मिलित्सा तिचं नाव, वय साठ. थडग्यातून ती काढली तेव्हा आजूबाजूचे शिपाई थक्क झाले. ते तिला तरुणपणापासून ओळखत होते, ती जन्मभर काटकुळी होती आणि इथे मात्र चांगली भरलेली दिसत होती. थडग्यात जाऊन बाई बाळसं धरते, तर ती तिथे काहीतरी खात-पीत असणार, दुसरं काय?

न कुजलेलं शरीर

अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक पॉल बार्बर यांनी १९८८ साली अशा अहवालांची न्यायवैद्यकातल्या माहितीशी ओळ न् ओळ तुलना केली, आणि मिलित्साचं कोडं सुटलं. शरीर कुजताना आत वायू साठतो आणि हाडकुळं माणूसही फुगतं. त्या दाबाने काळसर लाल द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची कातडी सुटते तेव्हा खालचा थर ताजा, गुलाबी दिसतो. नखं गळून पडली की खालचा कोवळा भाग नव्या नखासारखा वाटतो. त्वचा आक्रसते म्हणून दाढी वाढल्याचा भास होतो. छातीत खुंट घातला की कोंडलेला वायू घशावाटे सुटतो, तेच पाओलेचं कण्हणं. मेद्वेजाची तपासणी भर जानेवारीत झाली. गोठलेल्या मातीत एक प्रेत महिनोन् महिने टिकतं आणि शेजारचं, वेगळ्या खोलीवर किंवा वेगळ्या मातीत पुरलेलं, कुजून जातं. फ्ल्युकिंगरलाही अगदी जवळजवळच्या थडग्यांत हा फरक दिसला होता. त्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण नोंद त्याने प्रामाणिकपणे केली.

न कुजलेल्या शरीराचा अर्थ काय लावायचा, हे पुन्हा ज्याच्या त्याच्या धर्मावर ठरायचं. ग्रीसमध्ये काही वर्षांनी थडगं उघडून हाडं धुऊन वेगळी ठेवायची चाल आहे. तेव्हा प्रेत न विरघळलेलं सापडलं तर माणूस शापित, तो ‘व्रिकोलाकस’ झाला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर १७०० साली मिकोनोस बेटावर असताना अशाच एका प्रेताच्या भीतीने लोक घरं सोडून चौकात झोपताना त्याने पाहिले. कॅथलिक जगात मात्र हीच खूण संतपणाची. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर वारले. त्यांना चुन्यात पुरलं होतं. सुमारे अडीच महिन्यांनी थडगं उघडलं तर शरीर ताजं. पेटार ब्लागोयेविचला जवळपास तेवढेच दिवस झाले होते. एकाच्या वाट्याला खुंट आणि चिता आली, दुसऱ्याचं शरीर १५५४ साली गोव्यात मिरवत आणलं गेलं आणि जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी त्याच्या दर्शनाला आजही रीघ लागते.

क्षयाची घरं

व्हँपायरची समजूत रोगाशी किती घट्ट बांधलेली आहे, हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते अमेरिकेत. ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावी ब्राउन कुटुंबातली आई १८८३ साली क्षयाने गेली, पुढच्या वर्षी थोरली मुलगी, मग जानेवारी १८९२ मध्ये १९ वर्षांची मर्सी. मुलगा एडविनही खंगत चालला होता. एकाच घरातली माणसं एकामागोमाग एक झिजत जातात, याचा अर्थ आधी गेलेलं कुणीतरी मागे राहिलेल्यांचा जीव शोषतंय, असं शेजाऱ्यांनी बापाच्या मनावर बिंबवलं. १७ मार्चला तिन्ही शवपेट्या उघडल्या. आई आणि थोरली यांचे सांगाडे झाले होते. मर्सीचं शरीर शाबूत होतं आणि काळजात रक्त होतं. दोनच महिने झाले होते आणि तेही कडक हिवाळ्याचे. हजर असलेल्या डॉक्टरांनी फुप्फुसात क्षयाच्या खुणा असल्याचं सांगितलं. तरीही काळीज दगडावर जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली गेली. मे महिन्यात तोही गेला.

कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलेलं नव्हतं. डॉक्टरांकडे निदान होतं, शेजाऱ्यांकडे निदान करण्यासारखं काहीतरी होतं. मरणाऱ्या मुलाच्या बापाला यातलं कोणतं जवळचं वाटेल, हे सांगायला नको.

सोपी उत्तरं

‘व्हँपायर म्हणजे अमुक रोग’ अशी चटपटीत उत्तरंही वेळोवेळी आली. १९८५ साली एका रसायनशास्त्रज्ञाने पॉर्फिरिया या रक्तविकाराचं नाव घेतलं, कारण त्यातल्या काही रोग्यांना ऊन सोसत नाही. पण लोककथेतला व्हँपायर उन्हाने मरतच नाही. त्याला सूर्यप्रकाशाने मारलं ते ‘नोस्फेराटू’ या १९२२च्या जर्मन मूकपटाने. एका सिनेमावर आधारलेलं हे निदान वर्तमानपत्रांतून फिरलं आणि खऱ्या रोग्यांना विनाकारण नजरा झेलाव्या लागल्या. १९९८ साली एका स्पॅनिश मेंदुविकारतज्ज्ञाने रेबीजचा तर्क मांडला. चावा, निद्रानाश, पिसाळणं हे जुळतं. पण मेद्वेजाचे व्हँपायर पिसाळलेले नव्हते, थडग्यात पडून होते. जिवंतपणी पुरलं जाण्याची कल्पनाही जुनीच. तीही इतक्या गावांतल्या इतक्या प्रेतांना पुरत नाही. रक्तपिती वटवाघळं फक्त अमेरिका खंडात सापडतात आणि त्यांनाच व्हँपायरवरून नाव मिळालं, उलट नव्हे.

या सगळ्या उत्तरांची अडचण एकच. ती व्हँपायर हा कोणी विचित्र रोगी होता असं धरून चालतात. रोगी मागे राहिलेले होते. व्हँपायर हे त्यांनी आपल्या दुखण्याला दिलेलं कारण होतं.

थडग्यातले विळे

पुरातत्त्वज्ञांना अलीकडे या भीतीचा ठोस पुरावा मिळू लागला आहे. पोलंडमधल्या पिएन्य गावी २०२२ साली सतराव्या शतकातल्या एका बाईचं थडगं सापडलं. गळ्यावर आडवा विळा ठेवलेला, उठली तर मान कापली जावी असा, आणि पायाच्या अंगठ्याला कुलूप. व्हेनिसजवळच्या प्लेगच्या दफनभूमीत एका बाईच्या जबड्यात वीट कोंबलेली आढळली. थडग्यातली प्रेतं कफन चावतात आणि त्यातून रोग पसरतो, ही मध्य युरोपातली जुनी समजूत तिच्या मुळाशी असावी, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. इंग्लंडमधल्या वॉरम पर्सी या उजाड गावात मध्ययुगीन हाडांवर मेल्यानंतरचे सुरीचे घाव आणि भाजल्याच्या खुणा आहेत.

पोलंडच्याच द्राव्स्को गावातले विळेवाले सांगाडे सगळ्यांत बोलके आहेत. दातांमधल्या स्ट्रॉन्शियमवरून माणूस कुठे वाढला ते कळतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघालं, की ही माणसं परकी नव्हती, त्याच भागातली होती. ती कॉलऱ्याच्या साथीत आधी गेलेली असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. प्रत्येक विळ्याचा अर्थ व्हँपायर असा लावायची घाई मात्र करू नये. लोखंड इतरही कारणांनी थडग्यात ठेवत, आणि ‘व्हँपायर सापडला’ हा मथळा वर्तमानपत्रांना फार आवडतो.

शेतकऱ्याचा सरदार

गावचा व्हँपायर दिवाणखान्यात आणला साहित्याने. १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनच्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचल्या. त्याच बैठकीतून ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची ‘द व्हँपायर’ही, जी १८१९ साली छापली गेली. तिच्यात रक्तपिपासू हा पहिल्यांदा उमराव झाला. १८९७च्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने तो साचा कायम केला. स्टोकरने ट्रान्सिल्व्हानिया कधी पाहिला नव्हता, नाव मिळालं ते ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून. फुगलेल्या शेतकऱ्याचा फिकट, सडपातळ सरदार झाला आणि साथीची गोष्ट वासनेची गोष्ट झाली. त्याच्याही कितीतरी आधी व्हँपायर हे शिवीसारखं वापरलं गेलं होतं. व्होल्तेअरने तर भरदिवसा लोकांचं रक्त पिणाऱ्या सट्टेबाज आणि व्यापाऱ्यांकडे बोट दाखवून थडग्यातल्यांची थट्टा केली होती. मराठीत नारायण धारपांच्या ‘लुचाई’ने असा रक्तपिपासू आणला, पण तो याच परदेशी पुस्तकी घराण्यातला.

वेताळाच्या वहाणा

आपल्याकडचा कोण? १८७० साली रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाला नाव दिलं ‘विक्रम अँड द व्हँपायर’. तेव्हापासून वेताळ म्हणजे भारतीय व्हँपायर ही चूक चालत आली आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो खरा, पण तो राजाचं रक्त पीत नाही. तो कोडी घालतो आणि शेवटी त्याचा जीवही वाचवतो. कोकण-गोव्यात तर तो राखणदार. जयवंत दळवींच्या आरवलीत वेतोबाला केळीचे घड आणि हातभर लांब चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात लोलयेसारख्या गावांत त्याच्या मोठाल्या दगडी मूर्ती आहेत. तिकडे किसिल्येवोत मेलेला शेतकरी जोडे मागत आला म्हणून बाई पळाली, इकडे गाव आपणहून जोडे करून नेऊन ठेवतं.

आपली भुतं व्हँपायरसारखी का नाहीत, याचं एक कारण स्मशानात आहे. ज्या समाजांत प्रेत जाळतात तिथे उकरून पाहायला काही उरत नाही. म्हणून आपलं भूत देह शोधत येतं. ते लागतं, झपाटतं, अंगात येतं. लहानांना, संन्याशांना आणि काही समाजांत सगळ्यांनाच पुरतात, पण भुताच्या लोकप्रिय चित्रावर छाप चितेची आहे. परत कोण येतं, याचं उत्तर मात्र दोन्हीकडे सारखंच आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ, इच्छा अडकलेला समंध. मेद्वेजाच्या यादीतही बाळंतपणात गेलेली वीस वर्षांची स्ताना आहे. ज्यांचा हिशेब पुरा झाला नाही ते परततात, म्हणून जिवंतांनी तो पुरा करून टाकायचा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा घरचा माणूस पुढे होऊन मोठ्याने वचन देतो, पोरांचं करू, कर्ज फेडू. बाराव्या-तेराव्याच्या दानात छत्री आणि जोडे असतात, पुढची वाट तापलेली असते म्हणून. पेटारच्या बायकोला हे कुणी सांगितलं असतं, तर तिने ओपान्की दान दिल्या असत्या.

कायद्याचा खुंट

प्रेतं उकरून जाळायला मनाई करणारं कलम सर्बियाचा राजा दुशान याच्या १३४९च्या संहितेतच आहे. त्यात गावाला दंड होता, हजर राहणाऱ्या पाद्र्याची पाद्रीकी काढून घेण्याची तरतूद होती. चारशे वर्षांनी हाच प्रश्न व्हिएन्नाला आला. मोराव्हियाच्या सीमेवर एका बाईचं प्रेत जाळल्याची बातमी कळताच सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्याकडून शहानिशा करवली. थंडी आणि हवेचा अभाव यांनी प्रेत टिकतं, असं त्यांचं मत पडलं. १७५५ साली तिने अशी प्रकरणं पाद्र्यांच्या हातून काढून सरकारी अधिकाऱ्यांकडे दिली आणि प्रेतांची विटंबना थांबवली. समजूत मेली नाही. रोमानियातल्या एका खेड्यात २००४ साली नातलगांनी प्रेताचं काळीज काढून जाळलं आणि राख पाण्यातून घेतली, तेव्हा खटला उभा राहिला.

युरोपातल्या व्हँपायरबद्दल एक मात्र कबूल करायला हवं. तिथे आरोपी मेलेला होता. खुंट बसला तो प्रेताला. मागे राहिलेल्यांना दुःख झालं, पण जिवंत शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं नाही. समजूत किती चमत्कारिक आहे यापेक्षा तिचा घाव कुणावर पडतो, यावर तिचा निवाडा करावा. या कसोटीला आपल्याकडच्या काही समजुती किसिल्येवोहून वाईट ठरतात. नंदुरबारकडच्या पाड्यांत साथ आली की बोट दाखवलं जातं ते जिवंत बाईकडे. तिला डाकीण ठरवतात, मारतात, गावाबाहेर काढतात.

अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने होणारी मारहाण आहे. एखादी व्यक्ती करणी करते किंवा रोग पसरायला कारण होते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणंही त्यात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. तक्रार घ्यायला पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो. तुमच्या गावात, वस्तीत लागोपाठ दोन-तीन माणसं गेली आणि कुणा बाईचं नाव कुजबुजत ऐकू आलं, तर पाणी तपासून घ्या, डॉक्टरांना बोलवा आणि त्या अधिकाऱ्याला फोन करा.